पेट्रोल जातं कुठं?

"पेट्रोल जातं कुठं?"

तात्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्याच ताटात दुसरी भाकरी वाढत होते. प्रश्न माझ्यासाठी होता, पण बघत होते ते रणधीरकडे. आमच्या घरात माझ्याबद्दलचे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारायची पद्धत होती, म्हशीबद्दलचे गवळ्याला विचारतात तशी.

"मला विचारताय का, तात्या?"

"गाडी कोण चालवतं?"

"मी."

"मग तुलाच विचारतोय."

रणधीरनं डाव्या हातानं मोबाइल पुढं सरकवला. "पंधरा. या आठवड्यालाही लिटरला पंधराच किलोमीटर. कंपनी चोवीस म्हणते."

"चोवीस," तात्या म्हणाले. "पंधरा आणि चोवीस. उन्नीस-बीस म्हटलं तर समजू शकतो. हे काय आहे?"

तात्या म्हणजे माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला, निवृत्तीपर्यंत. त्या काळी दहा लिटर डिझेलमागं कुणी किती किलोमीटर काढले याची यादी दर महिन्याला डेपोतल्या फळ्यावर लागायची. यादीच्या तळाशी नाव आलं की साहेबासमोर उभं राहायचं, सगळ्यांसमोर बोलणी खायची. तात्यांचं नाव कायम वर. इंधन बचतीचं बक्षीस घेतानाचा त्यांचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत देवांपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये होता. त्याची गोष्ट ते पाहुण्यांना हमखास सांगायचे. "कराडकडं जाताना रस्ता सगळा उताराचा. गाडी आपली आपण पळते, आपण नुसती धरायची. पण उतारावर न्यूट्रल कधी टाकली नाही हां! न्यूट्रल टाकून बचत करतो तो चोर. त्याला ड्रायव्हर म्हणत नाहीत."

निवृत्त झाल्यावर त्यांचा डेपो आमच्या घरात आला. दर रविवारी ते गाडी घेऊन ठरलेल्या पंपावर जायचे, गाडी हलवून हलवून टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचे, आणि रणधीर भागाकार करायचा. जेवताना निकाल. फळ्याच्या तळाशी दर आठवड्याला एकच नाव.

"घाट आहे, तात्या," मी म्हटलं. "केळघरच्या पुढं रस्त्याचं काम चाललंय. एकेरी वाहतूक. झेंडा दाखवेपर्यंत उभं राहावं लागतं."

तात्या हसले. "डेपोतला प्रत्येक ड्रायव्हर हेच सांगायचा. ज्याचा पाय जड, त्यालाच घाट लागायचा."

"पाय जड असता तर ब्रेक झिजले असते, क्लच गेला असता," रणधीर म्हणाला. त्यानं यावर विचार करून ठेवला होता, ते त्याच्या आवाजावरनंच कळलं. "तसं काही नाही. गाडी चालली तेवढी काट्यावर दिसते. पेट्रोल मात्र त्याच्या दीडपट जळतंय. याचा अर्थ एकच. गाडी चालू असते, पण चालत नसते. ए.सी. लावून उभी असते. कुठंतरी."

पुढचा शब्द तो बोलला नाही. सासूबाई आमटीची वाटी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या. त्यांनाही तो शब्द न बोलता ऐकू आला. कुणाबरोबर.

"स्पष्ट बोला," मी म्हटलं.

"मी कुठं काय बोललो?"

"बोलायला हिंमत लागते. भागाकाराला लागत नाही."

"तोंड बघ हिचं!" तात्यांनी ताटावर बोटं झटकली. "हे बघ रणधीर, शोरूमला जायचं. त्यांच्या माणसाकडनं गाडी तपासून घ्यायची. गाडीत खोट निघाली तर शोरूमवाल्याची गचांडी धरू. नाही निघाली, तर किल्ली माझ्याकडं. विषय संपला."

किल्ली गेली की नोकरी गेली, हे त्या घरातल्या चौघांनाही माहीत होतं. तुम्हाला नाही, म्हणून सांगते.

मी केळघर घाटाच्या वरच्या अंगाला एका फळप्रक्रिया कारखान्यात प्रयोगशाळेत होते. स्ट्रॉबेरीचा गर, जॅम, सिरप. बाटलीवर जेवढी साखर छापलीय तेवढीच आत आहे, जेवढं फळ छापलंय तेवढंच आत आहे, हे बघायचं माझं काम. नसेल तर मी सही करायची नाही आणि सगळा माल तसाच थांबायचा. मालकसुद्धा माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचा, "मॅडम, पास का?" हंगामात सकाळी आठला हजर राहावं लागे, आणि साताऱ्याहून निघून आठला पोचवेल अशी एसटी नव्हती. गाडी त्यासाठीच घेतली. हप्ते माझ्या पगारातून. कागदांवर नाव रणधीरचं, कारण शोरूममध्ये विक्रेत्यानं फॉर्म त्याच्यापुढं ठेवला, त्यानं सही केली आणि मी पेढे वाटत होते.

त्या रात्रीच्या आधी महिनाभर मी काय काय केलं होतं ते या भागाकारात कुठं बसत नव्हतं. ए.सी. बंद केला होता. रस्त्याच्या कामाची लाल धूळ नाकातोंडात जायची, काचा लावल्या तर आत भट्टी. कारखान्यात पोचल्यावर तोंड धुतलं की बेसिन विटकरी व्हायचं. डिकीतली स्टेपनी काढून घरी जिन्याखाली ठेवली होती. घाटात पंक्चर झालं असतं तर काय, हा विचार रोज मनात यायचा आणि रोज मी तो गिळायचे. आणि मेढ्याहून माझ्याबरोबर यायच्या त्या दोघी, हौसाबाई आणि संगीता, कारखान्यात फळं निवडायच्या, त्यांना मी सांगितलं होतं की आता जीपनं या. हौसाबाई म्हणाली होती, "का वं ताई, आमचं काय चुकलं?" मी काय सांगणार? तुमचं वजन माझ्या सासऱ्याला चालत नाही?

एवढं सगळं करूनही पंधरा.

शोरूममध्ये शिरल्याशिरल्या समोर तोच आकडा. पोवई नाक्यावरच्या फलकावरही तोच होता, माणसापेक्षा उंच चोवीस. त्याच्या खांद्यावर एक बारकी चांदणी. चांदणीचा अर्थ फलकाच्या तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीत. मी जर जॅमच्या बाटलीवर 'शंभर टक्के फळ' छापून खाली चांदणी मारली असती, तर मला तुरुंगात घातलं असतं.

सर्व्हिस मॅनेजर पोतदार नावाचे होते. गळ्यात टाय, समोर गार पाण्याचे पेले. रणधीरनं तक्रार सांगितली. पोतदारांनी ती पूर्ण होऊ दिली नाही.

"गाडी मॅडम चालवतात का?"

"हो," रणधीर म्हणाला.

पोतदार खुर्चीत मागे रेलले. माझ्याकडे बघून छान हसले. "मॅडम, राग मानू नका. लेडीज लोकांचा पाय क्लचवर राहतो. कळत नाही त्यांना. माझ्या मिसेसचंही तेच आहे."

"तुमच्या मिसेस घाट चढतात का रोज?"

"नाही नाही, त्या मंडईपर्यंतच."

"मग त्यांना मध्ये आणू नका. हा चोवीसचा आकडा कुठल्या रस्त्यावर काढलाय?"

"मॅडम, ती सर्टिफाइड टेस्ट असते."

"रस्त्यावर?"

"रस्त्यावर नाही, रोलरवर असते. चाकं रोलरवर फिरतात. प्रमाणित परिस्थितीत."

"म्हणजे गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू," मी रणधीरकडे वळून म्हटलं. "तिच्यावर मात्र कुणी संशय घेत नाही."

तात्यांनी खोकला काढला. पोतदारांना काही कळलं नाही; त्यांनी घंटी वाजवून दाभाडेला बोलावलं. दाभाडे म्हणजे त्यांचा खास ॲव्हरेज काढणारा माणूस. काटक, पायांत चप्पलसुद्धा नाही. "अनवाणी पायाला पेडल कळतं," तो म्हणाला आणि तात्या लगेच खूश झाले. "वा! याला म्हणतात ड्रायव्हर."

दाभाडेनं आधी डिकी उघडली आणि माझे नमुन्यांचे क्रेट खाली उतरवले. मग चारही चाकांत हवा मारली, एवढी की गाडी टाचा उंच केल्यासारखी दिसायला लागली. ए.सी. बंद. काचा बंद, वारा आत आला की गाडी अडते म्हणून. मग तात्यांच्या पंपावर टाकी. तात्यांनी स्वतः मडगार्डला खांदा लावून गाडी हलवली. पेट्रोल पार गळ्याशी येऊन थरथरताना दिसलं, तेव्हा झाकण लागलं.

"कुठं जायचं?" मी विचारलं. "मेढ्याकडं घ्या. माझा रस्ता तो आहे."

"हायवेला घेऊ मॅडम. कराड, पेठनाका. टेस्टची प्रोसिजर तशीच आहे."

मी तात्यांकडे बघितलं. कराडचा रस्ता सगळा उताराचा, हे ज्यांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं, ते तात्या पुढच्या सीटचा पट्टा लावण्यात गुंतले होते.

हायवेवर दाभाडेनं गाडी पन्नासच्या वर नेली नाही. मागून ट्रक बोंबलत होते, एका एसटीवाल्यानं शेजारून जाताना खिडकीतून हात बाहेर काढून आईबहिणीवरनं विचारपूस केली. आत चौघं घामानं निथळत होतो. रणधीर माझ्या शेजारी बसून दर पाच मिनिटांनी कपाळ पुसत होता.

"काच खाली घेऊ का जरा?"

"नको साहेब, ॲव्हरेज पडेल."

रणधीरनं हात मागे घेतला. मला त्या उकाड्यातही हसू आलं.

नागठाण्याच्या पुढं लांब उतार लागला. दाभाडेचा हात गिअरवर गेला आणि इंजिनचा आवाज बदलला. न्यूट्रल. थोडं पुढं गेल्यावर त्यानं किल्ली एक घर मागे फिरवली आणि आवाजच गेला. नुसता टायरचा सरसराट. बंद गाडी, चार माणसं, मागे ट्रक. तात्यांनी वरचं हँडल पकडलं. मला त्यांच्या मनगटावरच्या शिरा दिसत होत्या.

"तात्या," मी मागून म्हटलं, "इंजिन बंद केलंय त्यांनी."

तात्या खिडकीबाहेर उसाकडे बघत होते.

"तात्या, न्यूट्रल टाकलीय."

"चालवू दे त्याला," तात्या म्हणाले. "मध्ये बोलू नये ड्रायव्हरच्या."

पेठनाक्यावर दाभाडेनं पंपावर गाडी लावली आणि नळीचा खटका पूर्ण दाबून धरायला सांगितलं. पेट्रोल जोरात फेसाळत गेलं आणि पहिल्याच खटक्याला नळी आपोआप बंद झाली. दाभाडेनं झाकण लावलं.

"अजून बसेल," मी म्हटलं. "साताऱ्यात गळ्यापर्यंत भरलं होतं. इथंही गाडी हलवा, गळ्यापर्यंत भरा."

"सेन्सर असतो मॅडम. जास्त भरलं की उडतो."

"सकाळी नाही उडला?"

"सकाळी तात्यासाहेबांनी भरलं," दाभाडे हसत म्हणाला. रणधीरही हसला. तात्या पंपावरच्या हवेच्या नळीकडे असं निरखून बघत होते जणू ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

रणधीरनं भागाकार केला. चोवीसच्या थोडं वर.

"गाडी ओके आहे," दाभाडे म्हणाला. "चालवणाऱ्याचा विषय आहे."

"परतीचं पण मोजू या," मी म्हटलं. "येताना चढ आहे."

"प्रोसिजरमध्ये परतीचं नसतं मॅडम."

परतीच्या वाटेवर त्यानं ए.सी. लावला. मस्त गार वाटलं सगळ्यांना. घरी आल्यावर तात्यांनी किल्ली बाहेरच्या खोलीत नेली आणि बक्षिसाच्या फोटोखालच्या खिळ्याला टांगली.

मग मी जीपनं गेले, टेम्पोनं गेले, एकदा दुधाच्या गाडीत कॅनला धरून गेले. रोज उशीर. माझ्या सहीशिवाय माल हलत नाही, आणि फळ थांबत नाही. दुपारपर्यंत त्याला पाणी सुटतं. कारखान्याचे जमदाडे साहेब तसा सभ्य माणूस. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी बोलावलं.

"मॅडम, अडचण असेल तर सांगा. पण वाईला एक मुलगी आहे, तिची मुलाखत घेतोय मी. सोमवारी तुम्ही आठला आलात तर मी तिला परत पाठवीन."

ही गोष्ट शुक्रवारची. त्या रात्री मी जेवायला वाढलं नाही. ताटासमोर बसले.

"उद्या सुट्टी आहे ना तुम्हाला?" रणधीर एका पतसंस्थेत होता, शनिवार त्यांचा मोकळा असायचा. "उद्या मला कारखान्यात सोडा. गाडी तुम्ही चालवायची. माझ्या रस्त्यानं, माझ्या वेळेला, माझ्या सामानासकट. मी शेजारी बसते, एक शब्द बोलत नाही. टाकी तात्यांनी आज भरायची, उद्या तात्यांनीच भरायची."

"कशाला?"

"शिकायचंय. पुरुषाचा पाय कसा असतो ते बघायचंय."

रणधीरनं तात्यांकडे बघितलं. तात्यांच्या मिशीत हसू होतं. "ने तिला. एकदाचं समजू दे. चोवीस नाही, निदान वीस काढून दाखव."

"वीस काय, बावीस काढतो," माझा नवरा म्हणाला.

निघण्यापूर्वी मी डिकीत क्रेट ठेवले आणि जिन्याखालची स्टेपनी जागेवर घातली. तात्याही आले, निकाल प्रत्यक्ष बघायला. पुढं ते दोघं बसले, मी मागे. सुरुवातीला रणधीर अगदी दाभाडे झाला होता. बुटातला पाय अलगद, काचा बंद, ए.सी. बंद. मेढा येईपर्यंत शिट्टी वाजवत होता.

मेढ्याच्या स्टँडसमोर मी म्हटलं, "थांबा. दोघींना घ्यायचंय."

हौसाबाई आणि संगीता डबे सावरत आत शिरल्या. हौसाबाई चांगली भारदस्त बाई. गाडी एका अंगाला बसली.

"आज मुहूर्त लागला म्हणायचा!" हौसाबाई म्हणाली. मग पुढं वाकून, "दाजी, रामराम. न्हाई, ताईंनी आमाला महिनाभर सोडलं हुतं ओ. म्या म्हनलं, काय भांडान न्हाई, तंटा न्हाई. आता गाडी तुमी चालवताय तर आमाला घेतलं. म्हंजी दाजींचंच मन मोटं."

संगीता पदरात हसली. रणधीरची शिट्टी बंद झाली.

केळघर सोडलं आणि घाट लागला. पहिल्याच वळणाला गाडी दमली. रणधीरनं तिसऱ्यात ओढायचा प्रयत्न केला, ती थरथरली. दुसरा टाकला, ती केकाटली. समोरून वाळूचा डंपर उतरत आला, रणधीरला पार कडेला घेऊन थांबावं लागलं, आणि चढावर पुन्हा उचलताना गाडी मागे सरकली. हौसाबाईनं "अगं आई गं" केलं. रणधीरनं पाय असा दाबला की चाकांनी खडी मागे भिरकावली.

"हळू," तात्या म्हणाले.

"हळू काय हळू, मागे जातीय ती!"

मग धूळ आली. खोदकामाची लाल धूळ, फटीफटीतून आत. रणधीरला ठसका लागला, डोळे चोळायला लागला. काच उघडावी तर अजून धूळ. बंद ठेवावी तर श्वास कोंडतोय. पुढं लाल झेंडा घेतलेला माणूस रस्त्यात आडवा उभा. एकेरी वाहतूक. आमच्या पुढं सात-आठ गाड्या, सगळ्या चालू.

रणधीरनं ए.सी.चं बटण दाबलं. वाऱ्याचा गोल नॉब चारवर नेला. गार हवा आली, तशी त्यानं डोकं मागे टेकून डोळे मिटले.

गाडी उभी. इंजिन चालू. ए.सी. चालू.

मी एक शब्द बोलणार नाही असं कबूल केलं होतं. पण असा क्षण बाईला आयुष्यात पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

"अहो," मी मागून म्हटलं, "ए.सी. लावून गाडी कुठंतरी उभी केलीय तुम्ही. कुणाची वाट बघताय?"

रणधीरनं डोळे उघडले. आरशात मला दिसले ते डोळे. लगेच खाली गेले.

"हितं रोजच आसं आसतंय," हौसाबाईनं माहिती दिली. "कंदी पाव तास, कंदी अर्धा. ताई बिचाऱ्या आमाला सोडायच्या आधी गार लावायच्या. मागनं ते बी बंद केलतं. नुसत्या घामाच्या धारा. म्या इचारलं, तर म्हनल्या, पेट्रोल वाचवतीय. कुणासाटी वाचवतायसा, म्हनलं!"

तात्या पुढच्या काचेतून झेंडेवाल्याकडे बघत होते. हिरवा झेंडा काही केल्या वर होत नव्हता.

मी आठच्या आधी कारखान्यात पोचले. हे दोघं दिवसभर तिथंच थांबले, झाडाखाली. संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. घाट उतरताना रणधीरनं न्यूट्रल टाकून बघितली. तात्यांनी झटकन त्याच्या मनगटावर फटका मारला.

"गिअरात घाल! सगळ्यांना मारतोस का?"

मी ऐकून ठेवलं.

पंपावर तात्यांनी खाली उतरून गाडी हलवली. पण त्या हलवण्यात आज जोर नव्हता. मी उतरले, दुसऱ्या बाजूनं खांदा लावला. "गळ्यापर्यंत," मी पंपावरच्या पोराला सांगितलं. पेट्रोल जात राहिलं, जात राहिलं.

रणधीरनं भागाकार केला. मोबाइल पालथा धरला. मी हात पुढं केला तेव्हा दिला.

तेरा.

"गाडीतच खोट आहे," रणधीर म्हणाला. विचार करायला एक श्वाससुद्धा घेतला नाही त्यानं. "चोर आहे ती कंपनी. चोवीस सांगतात आणि तेरा! सोमवारी पोतदारच्या टायला धरून बाहेर ओढतो."

"सगळे चोर लेकाचे," तात्या म्हणाले. "रोलरवर चालवतात आणि लोकांना फसवतात. रस्त्यावर येऊन दाखवा म्हणावं."

मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या हातात पंधरा आले, तेव्हा मी बाहेरख्याली होते. त्याच्या हातात तेरा आले, तेव्हा कंपनी चोर झाली. यांच्या दोघांच्याही लक्षात ते आलं नव्हतं, हे सगळ्यांत वाईट.

घरी आलो. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी चप्पल काढली नाही.

"तात्या, एक विचारते. पेठनाक्याला टाकी पहिल्याच खटक्याला सोडली, ते तुम्हाला दिसलं होतं का?"

"कशाला उकरून काढतेस?"

"उतारावर न्यूट्रल टाकली, इंजिन बंद केलं. आज पोराच्या हातावर फटका मारलात. त्या दिवशी दाभाडेच्या का नाही मारला?"

"वृषाली, पुरे," रणधीर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. मी ड्रायव्हरशी बोलतेय."

तात्या उभेच होते, फोटोखाली. वरती ते तरुण, साहेबाच्या हातून बक्षीस घेणारे. मग ते बोलले, आणि खोटं बोलले नाहीत, एवढं मान्य करते.

"दिसलं होतं. सगळं दिसलं होतं."

"मग?"

"तिथं बोललो असतो तर किल्ली तुझ्याकडंच राहिली असती."

सासूबाई खाली बसल्या. रणधीर म्हणाला, "तात्या, असं काय..." मला वाटलं होतं मी ओरडेन, काहीतरी फेकेन. तसं काही झालं नाही. महिनाभर मी एका भागाकारामागं धावत होते, धूळ खात होते, स्टेपनीशिवाय घाट चढत होते. त्यात पेट्रोल कधी नव्हतंच.

"काढा ती किल्ली," मी म्हटलं.

"घे की. खिळ्याला अडकवतो, तुझी तू..." रणधीर म्हणाला.

"खिळ्याला नाही. हातात द्या."

रणधीरनं खिशातली किल्ली बाहेर काढली आणि माझ्याकडे धरली. मी हात मागे घेतला.

"तुम्ही नाही. ज्यांनी घेतली त्यांनी."

रणधीरनं किल्ली तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती क्षणभर तळहातावर तशीच ठेवली. मग चार पावलं चालून आले आणि माझ्या हातात दिली. त्यांच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. माझ्याही.

"आणि सोमवारी पोतदारकडं जाणार असाल तर," मी रणधीरला म्हटलं, "येताना आरटीओतनं नावबदलीचे कागद घेऊन या."

त्याला खूप वर्षं झाली. ती गाडी कधीच भंगारात गेली. पोतदारांनी रणधीरला एक सर्व्हिस फुकट दिली आणि रबरी पायपुसणी दिली, आणि तो ती घेऊन आला. टायला हात लावला नाही. कागदही आणले त्यानं, दोन महिने लावून. पोवई नाक्यावर आता नव्या गाडीचा फलक आहे, त्याचा आकडा जुन्यापेक्षाही मोठा आहे, आणि चांदणी तेवढीच बारकी.

पण मला आठवतो तो सोमवार. मेढ्याला हौसाबाई आणि संगीता उभ्या होत्या, त्यांना घेतलं. केळघरच्या पुढं लाल झेंडा आडवा आला. गाड्यांची रांग, धूळ, सकाळीच तापलेलं ऊन. मी गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं. सगळ्या काचा वर घेतल्या, ए.सी.चं बटण दाबलं आणि नॉब चारवर नेऊन ठेवला.

बऱ्याच वेळानं मागनं हौसाबाईचा आवाज आला. "ताई, लई गार लागतंय ओ."

"लागू दे," मी म्हटलं.